तालमीचा फुटबॉल : कोल्हापूरच्या पेठांना दोष देण्यापूर्वी

१. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियममध्ये प्रेक्षकांची हाणामारी झाली की दुसऱ्या दिवशी एकच सल्ला सगळीकडून ऐकू येतो : ‘हे पेठापेठांचे संघ बंद करा, शहराचा एकच व्यावसायिक संघ उभारा, म्हणजे फुटबॉलही सुधारेल आणि भांडणेही थांबतील.’ हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो. तो चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा. पेठांच्या बाजूने बोलायचे असले तरी पेठांना न आवडणारे बरेच काही शेवटी येणार आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

२. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम संघांची नावे. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. या यादीत ‘युनायटेड’ नाही, ‘सिटी’ नाही, कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आहे ते देऊळ, पाट, मठ, पेठ आणि तालीम. नावे वाचूनच ध्यानात यावे की हे संघ कोणी कागदावर योजून स्थापन केलेले नाहीत. ते वस्तीतून उगवलेले आहेत.

३. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तांबडी माती, हौद, मेहनतीची जागा, मारुतीची मूर्ती. परंतु कोल्हापुरात तालीम या शब्दाचा अर्थ त्याहून पुष्कळ व्यापक आहे. गणेशोत्सव तालमीचा, शिवजयंती तालमीची, आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. लग्नाला माणसे कमी पडली तर तालमीची पोरे वाढायला येतात, दुखवट्यात खांदा द्यायला तीच पुढे असतात, पंचगंगेला पूर आला की सामान हलवायलाही तीच. पेठेतील मुलाला घराबाहेरचे पहिले सार्वजनिक जीवन येथेच भेटते.

४. या संस्थेला प्रतिष्ठा मिळाली ती राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. १८९४ साली ते गादीवर आले आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले. या २८ वर्षांत कुस्तीला जो राजाश्रय लाभला त्याने कोल्हापूर देशातील मल्लविद्येचे प्रमुख केंद्र झाले. खासबागेचे कुस्तीमैदान त्याच काळातले. प्रेक्षकाला कोठूनही कुस्ती दिसावी अशी त्याची खोलगट गोलाकार रचना आहे. फुटबॉलच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की, खेळ पाहण्यासाठी हजारोंनी एकत्र येणे, डाव ओळखणे आणि आपल्या तालमीच्या गड्यासाठी जीव टाकणे ही सवय या शहराला चेंडू येण्याआधीच लागलेली होती.

५. आता चेंडूकडे. हिंदुस्थानात फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. ड्युरँड स्पर्धा १८८८ची, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१चा. आरंभी या स्पर्धा गोऱ्या सैनिकी तुकड्यांच्याच होत्या. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकले, तेही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, आणि हा खेळ आपलाही होऊ शकतो हे देशाला कळले. मोहन बागान हे नावसुद्धा उत्तर कलकत्त्यातील एका वाड्याचे आहे. म्हणजे भारतीय फुटबॉलच्या सर्वांत प्रसिद्ध विजयावरही एका मोहल्ल्याचा शिक्का आहे.

६. गोव्यात हाच खेळ वेगळ्या वाटेने आला. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो रुजवला असे मानले जाते. तेथे पलटणीची जागा चर्चने आणि शाळेने घेतली. गावाचे चर्च, चर्चपुढचे मैदान आणि गावाचा संघ अशी साखळी तयार झाली. साष्टीतल्या गावांचे सामने आजही गावाच्या इभ्रतीचे असतात. तात्पर्य, चेंडू बाहेरून आला. पण जेथे त्याला आधीपासून नांदत असलेली एखादी स्थानिक संस्था भेटली, तेथेच तो टिकला. बंगालमध्ये पाडा, गोव्यात चर्च, कोल्हापुरात तालीम.

७. कुस्तीच्या आखाड्याने फुटबॉल का स्वीकारावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. थोडा विचार केला तर उत्तर सोपे आहे. मेहनत करणारी पोरे तालमीत होतीच. त्यांना एकत्र ठेवणारी शिस्त होती, वडीलधारे होते, वर्गणी गोळा करण्याची पद्धत होती. कुस्तीत एका वेळी एकच गडी लढतो आणि त्याच्या खुराकाचा खर्च मोठा असतो. फुटबॉलमध्ये एका चेंडूवर ११ जण खेळतात, आणि आखाड्यात न उतरणारा किरकोळ बांध्याचा मुलगाही पेठेची इभ्रत राखू शकतो. संस्था जुनी, खेळ नवा; जोड बेमालूम बसली.

८. असे फक्त कोल्हापुरातच घडले असे नाही. जर्मनीतही एकोणिसाव्या शतकात गावोगाव व्यायामसंघ होते. फ्रीडरिश यान याने १८११ साली बर्लिनमध्ये पहिले खुले व्यायाममैदान उघडले आणि ती चळवळ देशभर पसरली. म्युनिकच्या ‘१८६०’ या प्रसिद्ध क्लबच्या नावातील वर्ष व्यायामसंघाचे आहे. त्याची फुटबॉल शाखा निघाली १८९९ साली. शरीर कमावण्यासाठी निघालेल्या संस्थेच्या अंगणात फुटबॉल वाढला, ही कथा पेठेतल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

९. परंतु तेथे हा स्वीकार सुखासुखी झाला नाही. श्टुटगार्टचे व्यायामशिक्षक कार्ल प्लांक यांनी १८९८ साली फुटबॉलला ‘इंग्रजी रोग’ ठरवणारी एक पुस्तिकाच लिहिली. म्युनिकमधील एका व्यायामसंघाने आपल्या फुटबॉलपटूंना फुटबॉल संघटनेत जाऊ दिले नाही, तेव्हा २७ फेब्रुवारी १९०० रोजी काही खेळाडू बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा क्लब काढला. तोच आजचा बायर्न म्युनिक. जर्मन व्यायामसंघांतील काहींनी जो खेळ हाकलला, तो कोल्हापूरच्या तालमींनी मांडीवर घेतला. या उदारपणाचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

१०. आज या संघांची लीग कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे केएसए, चालवते. छत्रपती घराण्याचा आश्रय या संस्थेला पहिल्यापासून आहे. वरिष्ठ गटात चढउतार आहे : तळाचा संघ खाली जातो, खालच्या गटातला वर येतो. भारतातील सर्वोच्च मानल्या गेलेल्या फ्रँचायझी लीगमध्ये जी गोष्ट कित्येक वर्षे नव्हती, ती पेठांच्या लीगमध्ये नित्याची आहे. खालच्या गटात जाण्याची भीती ही खेळाची खरी शिस्त असते. येथे कोणाचेही स्थान पैसे भरून राखीव होत नाही.

११. आता ‘पेठांचे संघ नकोत, व्यावसायिक संघ हवा’ या सल्ल्याची परीक्षा घेऊ. त्यासाठी लांब जायला नको. पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. पुणे एफसी हा संघ २००७ साली निघाला, २०१२–१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ साली बंद झाला. भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१४ साली आला आणि २०१९ साली गुंडाळला गेला. एका शहराने सुमारे एका तपात ४ व्यावसायिक संघ गमावले.

१२. हे संघ वाईट नव्हते. त्यांच्याकडे प्रशिक्षक होते, मैदाने होती, अकादम्या होत्या. नव्हते ते एकच : संघ बंद होताना ‘तो आमचा आहे, बंद करू देणार नाही’ असे म्हणणारी आणि तसे म्हणण्याचा अधिकार असलेली माणसे. मालकाचा ताळेबंद बिघडला, संघ संपला. चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसरा संघ निवडला. पेठेतला माणूस दुसरी पेठ निवडत नाही. त्याचा संघ हरला तर तो शिव्या घालील, पण वर्गणीही देईल.

१३. मुंबईची कहाणी याहून जुनी आणि अधिक करुण आहे. मफतलाल, टाटा स्पोर्ट्‌स, एअर इंडिया, ओर्के मिल्स ही नावे एके काळी कूपरेजवर गर्दी खेचत. खेळाडूला नोकरी मिळे, घर चाले, खेळ चाले. ही व्यवस्था कंपन्यांच्या औदार्यावर उभी होती. उद्योगाचे दिवस पालटले, गिरण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर संघही गेले. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० साली कंपनीने तो संघही विसर्जित केला. रोव्हर्स चषकाचे आयोजनसुद्धा या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले.

१४. देशपातळीवरही चित्र निराळे नाही. जुलै २०२५मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजक कंपनीने, महासंघाबरोबरचा करार संपत आल्यामुळे, पुढचा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले. एका कराराची मुदत संपत आली आणि देशाची सर्वोच्च लीग अधांतरी लोंबकळली. शेकडो खेळाडूंना आपला पुढचा पगार केव्हा होईल हे कळेना. पेठेच्या संघाला असे स्थगित करता येत नाही, कारण तो कोणत्याही करारातून जन्मलेला नाही.

१५. म्हणून माझे पहिले विधान असे : महाराष्ट्रात फुटबॉल क्लब दीर्घकाळ टिकवण्याची कला ज्यांना साधली त्यांत कोल्हापूरच्या तालमी अग्रभागी आहेत. त्यांना बंद करून फुटबॉल सुधारण्याचा विचार म्हणजे विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून विहीरच बुजवणे होय. गाळ काढावा लागेल, हे मात्र खरे. आता त्या गाळाविषयी.

१६. १६ ऑगस्ट १९८०. कलकत्त्याचे ईडन गार्डन्स. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, लीगचा सामना. मैदानावरच्या धसमुसळ्या खेळाचे पडसाद गॅलरीत उमटले, हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मरण पावले. ती माणसे सामना पाहायला घरून निघाली होती. आपल्याकडे स्टेडियममध्ये दगड, बाटल्या भिरकावल्या जातात तेव्हा ‘एवढे काय, ईर्षा असायचीच’ असे म्हणणाऱ्याने ही तारीख आठवावी. मृत्यू आणि आपल्यामध्ये पुष्कळदा केवळ नशीब उभे असते.

१७. बंगालने त्यानंतर आपले क्लब बंद केले नाहीत. तो दिवस तेथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने रक्तदान होते. परस्परांचे कट्टर वैरी म्हणवणारे लोक एकाच शिबिरात हात पुढे करतात. दुर्घटनेची आठवण संस्थेने सांभाळली पाहिजे, हा त्यातला धडा. आपल्याकडे राड्याची आठवण चार दिवसांत पुसली जाते आणि पुढच्या हंगामात मोबाइलवर त्याच प्रसंगाच्या चित्रफिती अभिमानाने फिरतात.

१८. या राड्यांची खरी किंमत कोण देतो, तेही पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील असंख्य मुले सैन्यभरती आणि पोलीसभरतीसाठी पहाटे धावतात. अशा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या नावावर गर्दी-मारामारीचा गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो पुढ्यात उभा राहतो. ज्यांनी मागून चिथावले ते पोक्त लोक नामानिराळे राहतात. ज्याने दगड उचलला त्याची नोकरी जाते. पेठेची इभ्रत राखली म्हणून त्या मुलाला पेठ पगार देत नाही.

१९. आणि मग संपूर्ण शहर शिक्षा भोगते. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे कोल्हापुरात सामने आणि स्पर्धा थांबवण्याची वेळ एकाहून अधिक वेळा आलेली आहे. हंगाम आधीच आखूड : साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाआधी आटोपावा लागतो. त्यातून काही आठवडे गेले तर एखाद्या अठरा वर्षांच्या खेळाडूच्या वाट्याला येणारे मोजके सामने आणखी घटतात. त्या वयातला गेलेला हंगाम परत मिळत नाही.

२०. दुसरा गाळ पैशाचा. गेल्या काही वर्षांत अनेक संघांनी बाहेरचे, त्यातही नायजेरियासारख्या देशांतले खेळाडू आणले. परक्या शहरात येऊन पोट भरणाऱ्या त्या खेळाडूंविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला आणि स्थानिक बचावपटूंना चार गोष्टी शिकाव्या लागल्या. प्रश्न प्राधान्याचा आहे. वर्गणी आणि देणगी पेठेची, पण त्यातला मोठा हिस्सा एका हंगामापुरत्या पायांवर खर्च होतो आणि बारा वर्षांच्या मुलांना बूट मिळत नाहीत. अशा वेळी संघ पेठेचा राहिला असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

२१. अनिकेत जाधवचे उदाहरण घेऊ. कोल्हापूरचा हा मुलगा २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे जमशेदपूर, हैदराबाद या संघांत गेला. कोल्हापूरने त्याचा अभिमान बाळगला आणि तो रास्तच होता. परंतु त्याला घडवण्यात मोठा वाटा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा होता. चौकाचौकांत फुटबॉल जगणाऱ्या शहरातील गुणी मुलाला रीतसर शिक्षणासाठी कोवळ्या वयात घर सोडावे लागले, ही अभिमानाबरोबर विचार करायला लावणारी बाब आहे.

२२. स्थानिक मुलांवर विसंबून मोठे होता येत नाही, असे कोणी म्हणेल. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून केवळ बास्क प्रदेशाशी नाते असलेल्या खेळाडूंवर चालतो. स्पेनची लीग १९२९ साली सुरू झाली. तेव्हापासून तो एकदाही खालच्या गटात गेलेला नाही. ही कामगिरी त्याच्याखेरीज फक्त रेआल माद्रिद आणि बार्सेलोना यांची. बास्क प्रदेश लहान आहे. निवडीला वाव कमी असल्यामुळेच त्या क्लबला प्रत्येक मूल निगुतीने घडवावे लागते.

२३. कोल्हापूरने बिल्बाओ व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण काही गोष्टी आजच्या आज करता येण्यासारख्या आहेत. पहिली : वरिष्ठ लीगमध्ये खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक संघाला १३ आणि १५ वर्षांखालील संघ सक्तीचे करावेत आणि वरिष्ठ गटातले स्थान त्यांच्याशी बांधावे. आशियाई महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीत युवा संघांची अट आहेच. ज्या तालमीला पोरांचा संघ उभा करता येत नाही, तिने परदेशी खेळाडू आणण्याचा हक्क सांगू नये.

२४. दुसरी : प्रेक्षकांच्या गैरवर्तनासाठी तालमीला दंड व्हावा, पण तो दंड कोणाच्या तिजोरीत न जाता त्याच पेठेतील मुलांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब फलकावर लागावा. केवळ बंदी घातल्याने राग धुमसत राहतो. आपण फेकलेल्या बाटलीमुळे आपल्याच धाकट्या भावाच्या संघाचे गुण कापले जातात, हे कळले तर पेठ स्वतःच्या पोरांना स्वतः आवरील. तालमीतल्या वडीलधाऱ्यांचा शब्द पोलिसांच्या काठीपेक्षा लवकर पोहोचतो. तो वापरला जात नाही, एवढेच.

२५. तिसरी : मैदान. इतक्या संघांचा भार एका शाहू स्टेडियमवर आहे, आणि शिवाजी पेठेच्या गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते हे सारे शहर जाणते. नेत्यांच्या नावांचे चषक भरतात, बक्षिसांच्या रकमा दरवर्षी वाढतात, छायाचित्रे छापून येतात. त्यातल्या एका वर्षाच्या बक्षिसाचा निम्मा भाग जरी एखाद्या सरावमैदानाच्या निचऱ्यासाठी दिला तर त्या नेत्याचे नाव अधिक काळ राहील. खासबाग बांधणाऱ्याचे नाव आजही घेतले जाते; तेथे पहिल्या दिवशी वाटलेल्या बक्षिसांचे आकडे कोणाच्या लक्षात आहेत?

२६. चौथी : मुली. कोल्हापूरच्या गॅलरीत महिला प्रेक्षक आवर्जून येतात, पेठेचा झेंडा घेऊन ओरडतात. मैदानात मात्र तालमीच्या नावाने मुलींचा संघ उतरावा याचा आग्रह फार थोड्या तालमी धरतात. आखाडा ही पुरुषांची जागा होती हे इतिहास म्हणून मान्य. परंतु त्याच आखाड्याने एके काळी परका चेंडू आत घेतला होता. आपल्याच घरच्या मुलींना आत घेणे त्याहून अवघड नसावे.

२७. पाचवी : मालकी. प्रायोजक येतील, यायलाच हवेत. पण निर्णयाचा अधिकार सभासदांकडेच राहिला पाहिजे. जर्मनीत १९९८ साली गुंतवणूकदारांना दार उघडले गेले तेव्हाच असा नियम केला गेला की, क्लबमधील बहुमत, म्हणजे अर्ध्याहून एक मत अधिक, सभासद-संघटनेचेच राहील. व्यायामसंघांच्या परंपरेतून आलेल्या देशाने आपली तालीम अशी राखली. आपल्या तालमींनीही वार्षिक सभा, लेखी सभासदत्व आणि जाहीर हिशेब या तीन गोष्टी केल्या, तर उद्या कोणी धनाढ्य आला तरी तो पाहुणाच राहील.

२८. एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. पेठेची अस्मिता माणसाला संकुचित करते, असे म्हणतात. करू शकते. परंतु अस्मितेला काम दिले नाही तरच ती भांडण शोधते. हेलसिंकीत १९५२ साली कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले आणि लोकांनी वर्गणी गोळा केली. तीही अस्मिताच होती. तिने एका मुलाला सातासमुद्रापार पाठवले. आजची अस्मिता पोरांना पोलीस चौकीपर्यंत नेत असेल, तर दोष अस्मितेला तिथवर नेणाऱ्यांचा आहे.

२९. शेवटी तिघांना तीन विनंत्या. केएसएला : संघांना शिक्षा करताना त्यांची पुढची पिढी मोजा, वरिष्ठ गटाच्या तक्त्याशेजारी बालसंघांचा तक्ता लावा. तालमींना : चषकांच्या कपाटाशेजारी आणखी एक फलक लावा आणि आपल्या तालमीत शिकून वरच्या पातळीवर गेलेल्या मुलांची नावे त्यावर लिहा, फलक कोरा राहिला तर कारण शोधा. प्रेक्षकांना : समोरच्या गॅलरीतला माणूस नसेल तर तुमच्या विजयाला साक्षीदार उरत नाही, हे ध्यानात ठेवा.

३०. तालीम या शब्दाचा मूळ अरबी अर्थ शिक्षण असा आहे. कुस्तीच्या काळात तालमीने तो सार्थ केला. फुटबॉलच्या काळात तो अर्थ जपायचा की केवळ पाटीवर ठेवायचा, हे पेठांनी ठरवायचे आहे. त्यांच्या वतीने ते दुसऱ्या कोणी ठरवू नये, एवढ्यासाठीच हा थ्रेड.

आपल्या पेठेच्या संघाचा जुना फोटो, जुने तिकीट किंवा वर्गणीची जुनी पावती घरात असेल तर वर्षासह खाली अवश्य टाका. मतभेद असल्यास तेही लिहा. मात्र सामन्याची भाषा येथे नको.